तार बसेपर्यंत

बेस गिटारला नव्या तारा चढवल्या की एक गोष्ट हमखास होते. चारही तारा तुम्ही नीट सुरात लावता, ट्यूनरचा काटा मधोमध येतो, तुम्ही चहा टाकायला उठता. परत येऊन पाहता तर चारही तारा उतरलेल्या. पुन्हा लावा, पुन्हा उतरतात. नवखा माणूस इथे वैतागतो. त्याला वाटतं तार खराब निघाली, किंवा खुंट्या सैल आहेत, किंवा आपल्यालाच काही जमत नाही. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. तार नवी आहे, एवढंच.

माझी मुलगी इथे न्यू जर्सीत शाळेच्या जॅझ बँडमध्ये बेस वाजवते. यावरचा उपाय तिनेच मला दाखवला. तार सुरात लावायची. मग बाराव्या फ्रेटच्या आसपास तिच्याखाली बोट घालून ती हलकेच वर ओढायची. सूर उतरतो. पुन्हा लावायचा, पुन्हा ओढायचं. तीन-चार वेळा असं केलं की एक क्षण असा येतो की ओढूनही सूर हलत नाही. मग तार बसली म्हणायची. इंग्रजीत याला ‘ब्रेक इन’ करणं म्हणतात. घोडा, बूट, नवा नोकर आणि नवी तार, सगळ्यांना एकच क्रियापद, आणि त्या क्रियापदाच्या पोटात मोडणं आहे.

तुम्हाला गिटारीत रस असेल किंवा नसेल. मला विचारायचं आहे ते वेगळंच. नव्या जागी आलेल्या माणसालाही आपण असंच ओढतो. मुलाला नव्या शाळेत, सुनेला नव्या घरात, भारतातून नुकत्याच आलेल्या सहकाऱ्याला ऑफिसात. त्याच्या भल्यासाठीच ओढतो. हा अधिकार आपल्याला कुठून मिळतो, आणि तो कुठे संपतो?

हा प्रश्न मला पडला तो आईमुळे. बाबा गेल्यावर दोन वर्षं ती सांगलीत एकटी होती. मी इथला नागरिक झालेलो, म्हणून तिच्या ग्रीनकार्डचा अर्ज केला, आणि एकाहत्तराव्या वर्षी ती आमच्याकडे आली. एप्रिल महिना होता. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तिचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. सोमवारी लायब्ररीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग, बुधवारी ज्येष्ठांच्या केंद्राची व्हॅन, शुक्रवारी देऊळ, शनिवार-रविवार मंडळातली ओळखीची मंडळी. तिने फक्त “बरं” म्हटलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई, वेळापत्रकाचा मान ठेवणं तिच्या अंगात होतं. दर रविवारी रात्री मी तिला विचारायचो, “रुळलीस का गं आता?” आणि ती म्हणायची, “रुळतेय की.”

नोव्हेंबरात एकदा मी हट्ट धरला की लायब्ररीतून येताना तिने एकटीने बसने यावं. ती चुकीच्या बाजूच्या थांब्यावर जवळजवळ दीड तास थंडीत उभी राहिली. फोन केला नाही. संध्याकाळी मी विचारलं, जमलं का, तर “जमलं” म्हणाली. खरं काय झालं ते चार दिवसांनी मुलीकडून कळलं, कारण आजीने ते फक्त नातीला सांगितलं होतं. डिसेंबरात ती भाच्याच्या लग्नासाठी सांगलीला गेली. परतीचं तिकीट पुढे ढकलत ढकलत ती आता अकरावा महिना तिकडेच आहे.

ग्रीनकार्ड असलेल्या माणसाने आधी परवानगी न काढता वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर काढला, तर ते कार्ड टिकवणं अवघड होतं, हे तुमच्यापैकी अनेकांना आपापल्या घरातून माहीत असेल. म्हणजे माझ्याकडे आता काही आठवडे आहेत. तिला पुन्हा ओढायचं का?

गिटारकडे परत येतो, कारण उत्तराचा निम्मा भाग मला तिथे सापडला. “नवी तार ताणली जाते म्हणून उतरते,” असं सगळे म्हणतात. मीही तसंच समजत होतो. पण बेसच्या तारेच्या आत पोलादाची तार असते आणि तिच्याभोवती दुसऱ्या धातूच्या तारेचे घट्ट वेढे. चांगलं पोलाद आपल्या मर्यादेत लवचीक असतं. ताण दिला की तेवढ्यापुरतं लांबतं, काढला की मूळ जागी येतं. मग सूर का उतरतो? मुख्यतः तार जिथे जिथे कशाला टेकते तिथल्या ढिलाईमुळे. खुंटीवरचे वेढे अजून एकमेकांवर आवळून बसलेले नसतात. ब्रिजमध्ये तारेच्या टोकाची गोळी आपल्या खाचेत पुरती बसलेली नसते. नट आणि सॅडलवरून तार जिथे वळते, तिथे ती अजून कमानीसारखी गोलसर वळते, नेमका कोन धरत नाही. आपण बोटाने ओढतो तेव्हा ही ढिलाई एकदम निघून जाते. तारेचा गाभा होता तसाच राहतो.

आणि गाभाच बदलेल इतकी कुणी ओढली तर? मग ती पुन्हा मूळ लांबीवर येत नाही. काही वेळा खुंटीपाशी तुटते. तुटली नाही तर आणखी वाईट, कारण ती दिसायला धड दिसते, खुली छेडली तर सूरही बरोबर लागतो, पण वरच्या फ्रेटवर दाबली की बेसूर बोलते. नुसतं पाहून हे कळत नाही, वाजवल्यावरच कळतं.

आईच्या बाबतीत टेकण्याच्या जागा कुठल्या होत्या? गरम-थंड पाण्याचा नळ, रस्त्याची उजवी बाजू, औषधांच्या दुकानात जन्मतारीख सांगायची पद्धत, शेजारणीशी दोन वाक्यं. इथे थोडी ओढाताण योग्यच होती. ती हे सगळं शिकली आणि शिकल्यावर तिला हलकंही वाटलं. पण संध्याकाळी सहा वाजता दार उघडं टाकून कुणीतरी येईल म्हणून बसणं, ही टेकण्याची जागा नव्हती. तो गाभा होता. मी तिथेही ओढत होतो. “इथे असं कुणी येत नाही, आई. आधी फोन करून ठरवावं लागतं.” वाक्य खरं होतं. पण मला ते तिला पटवायचं नव्हतं, तिची ती सवयच मोडायची होती.

मराठीत नव्या गोष्टीच्या जुनं होण्याला किती शब्द आहेत पाहा. लोणचं मुरतं. रोप रुजतं. हात सरावतो. सून रुळते. गोष्ट अंगवळणी पडते. ही सगळी क्रियापदं त्या वस्तूच्या किंवा माणसाच्या बाजूने बोलतात; त्यांचा कर्ता तीच वस्तू असते, तोच माणूस असतो. लोणच्याला कुणी मुरवत असलं तरी शेवटी मुरायचं लोणच्यानेच. कोल्हापुरी चप्पल नवी असताना चावते. आपण तिला तेल लावतो, दोन-चार दिवस घरातल्या घरात घालतो, टाचेला पट्टी लावतो. चामडं थोडं नमतं, पायही थोडा निबर होतो. दोघांनी मिळून तडजोड केलेली असते. चप्पल चावते म्हणून तिला कुणी दोष देत नाही.

ताण किती असावा यावर फार जुनं आणि फार शहाणं बोलणं बुद्धांच्या सोण या शिष्याच्या गोष्टीत आहे. तुम्ही ती कधीतरी ऐकली असेल. पूर्वाश्रमी उत्तम वीणा वाजवणारा सोण भिक्षू झाल्यावर पाय रक्ताळेपर्यंत चालत साधना करू लागला, आणि तरी काही साधेना म्हणून घरी परतायचा विचार करू लागला. बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेबद्दल विचारलं. तारा फार ताणल्या तर ती नीट वाजायची का? फार सैल सोडल्या तर? दोन्हीला त्याचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. प्रयत्नाचंही तसंच आहे, हे त्याला त्यावरून उमगलं.

या गोष्टीतली एक बाब माझ्या लक्षात फार उशिरा आली. बुद्धांनी सोणची तार स्वतः पिळली नाही. त्यांनी विचारलं, आणि वाजवणारा तूच आहेस याची त्याला आठवण दिली. सोण स्वतःच तार होता आणि स्वतःच वादक. माझ्या घरात मात्र वादक मी होतो आणि तार आई.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. तारा अजिबात ओढायच्याच नाहीत, त्यांच्या त्या बसू देत, असंही करता येतं. एक-दोन दिवस वाजवत, लावत राहिलं की त्या आपोआप स्थिर होतात. पण परवा कार्यक्रम असेल तर? बेस हा बँडचा तळ असतो. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं देते. तो स्वर ऐकू येण्याआधी छातीत जाणवतो, आणि बाकीचे सगळे त्याच्यावर उभे असतात. तो गाण्याच्या मधेच उतरला तर सगळेच बेसूर होतात, आणि लाज वाजवणाऱ्या पोरीला वाटते. तेव्हा न ओढणं ही दया नसते, आळस असतो. नव्याने आलेल्या माणसाला “तुझं तू बघ” म्हणून सोडून देणाऱ्या घरांतही माणसं अशीच उघड्यावर पडतात. आईला मी काहीच शिकवलं नसतं, तर ती पहिल्या हिवाळ्यात चार भिंतींत कोंडली गेली असती. अशा आया तुम्ही पाहिल्या असतील. मीही पाहिल्या आहेत.

म्हणून ओढावं की नाही, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. ओढणाऱ्याने पुढे काय करायचं, हेही पाहावं लागतं. मुलीने मला शिकवताना एक गोष्ट तीन वेळा सांगितली होती: ओढलं की लगेच सुरात लाव. ओढून सोडून दिलेली तार नुसतीच उतरलेली तार असते. ओढणाऱ्याचं अर्धं काम ओढल्यानंतर सुरू होतं, आणि त्यासाठी तिथे हजर राहावं लागतं. मी आईला बसथांब्यापर्यंत ओढलं आणि मीटिंगला निघून गेलो.

दुसरं, तार वारंवार उतरत असेल तर गिटारही तपासावी लागते. नटची खाच अरुंद असली तर तार तिच्यात अडकते, आणि मग कितीही ओढा, सूर टिकत नाही. वादक अशा खाचेत पेन्सिलीचं शिसं घासतात, म्हणजे तार सहज सरकते. चार तारांचा मिळून ताण दीडशे पौंडांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ एका मोठ्या माणसाचं वजन. जाडी किंवा ताण वेगळा असलेल्या तारा चढवल्या की गिटारची मान वाकते आणि आतली सळई फिरवून ती पुन्हा सरळ करावी लागते. नवी तार आली की गिटारलाही जुळवून घ्यावं लागतं, हे प्रत्येक गिटार दुरुस्त करणाऱ्याला माहीत असतं. आमच्या घराने आईसाठी काय बदललं? मी आठवून पाहिलं. एक खोली आणि एक देवघर. संध्याकाळी सहाची वेळ आम्ही कुणीही बदलली नाही.

तिसरी गोष्ट मिरजेची. सांगलीहून मिरज हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सतारमेकरांची दुकानं आईच्या नेहमीच्या वाटेवरची. मंगळवेढा-पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून पिढ्यानपिढ्या तिथे तंबोरे आणि सतारी होतात, आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची तार खुंटीने सुरात आणायची, मण्याने बारीक फरक काढायचा, आणि घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी खुलवायची. हे सगळं मंचावर श्रोत्यांसमोर चालतं, आणि श्रोते थांबतात. तार उतरली म्हणून कुणी तिच्यावर चिडत नाही. मैफल मधे थांबवून ती पुन्हा लावतात आणि पुढे जातात. आमच्या लहानपणी मला तो वेळ फुकट वाटायचा.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की तंबोरा कुठल्या पट्टीत लावायचा हे गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरतं. पांढरी एक, काळी चार, ज्याची जशी झेप. माझ्या मुलीच्या ट्यूनरमध्ये मात्र सूर आधीच ठरलेला असतो. बँडमध्ये तेच बरोबर आहे, कारण तिथे सगळ्यांना एकत्र वाजवायचं असतं. घर हे बँडसारखं आहे की तंबोऱ्यासारखं? मी विचार न करताच बँड धरून चाललो होतो, आणि त्यातही पट्टी माझी.

अमेरिकेत बेसच्या तारांविषयी बोलताना जेम्स जेमर्सनचं नाव टाळता येत नाही. नाव तुम्ही ऐकलं नसलं तरी त्याचा बेस ऐकला असण्याची शक्यता दाट आहे. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांचा तळ त्याचा आहे. ‘माय गर्ल’ हे त्यातलं एक. १९३६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात जन्मलेला हा मुलगा १९५४ च्या सुमाराला आईपाठोपाठ डेट्रॉइटला आला, तिथल्या हायस्कुलात उभा मोठा बेस शिकला, आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरातल्या स्टुडिओत वाजवू लागला. त्याच्या फेंडर बेसवर सपाट वेढ्यांच्या जाड तारा असत. तुटल्याशिवाय त्या तो बदलत नसे, हे बेस वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. घाम आणि तेल मुरलेल्या त्या मंद, गोल आवाजाने एका शहराचं संगीत ओळखलं जाऊ लागलं. इतकी वर्षं वाजवूनही मोटाउनच्या तबकड्यांवर वादकांची नावं छापत नसत. जेमर्सनचं नाव ठळकपणे आलं ते १९७१ च्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर.

१९७२ मध्ये कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. जेमर्सनही मागोमाग गेला. तिथे त्याचा जम बसला नाही. नव्या, खणखणीत तारांचा आणि अंगठ्याने ठोकून वाजवण्याचा जमाना आला होता. तो आपल्या तारांवर आणि आपल्या पद्धतीवर राहिला. दारूही होती, सगळा दोष तारांवर टाकता येणार नाही. १९८३ मध्ये तो सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती २००० मध्ये.

एकच माणूस. एका शहरात इतका रुळला की ते शहर त्याच्या आवाजाने ओळखलं गेलं, आणि दुसऱ्यात रुळलाच नाही. “काही माणसं रुळतात, काही रुळत नाहीत” हे आपलं नेहमीचं वाक्य इथे अपुरं पडतं. डेट्रॉइटला तो आला तेव्हा घडायचं वय होतं, शाळा होती, सोबती होते. लॉस एंजेलिसला जायचं कंपनीने ठरवलं होतं, आणि तिथे त्याच्या आवाजाची कुणी वाट पाहत नव्हतं. आपल्यापैकी जे पंचविशीत बॅगा घेऊन इथे आलो, ते आपलं रुळणं हा आपला गुण समजतो. तो आपल्या वयाचा, आपल्या निवडीचा आणि वाट पाहणाऱ्या नोकरीचाही गुण होता. त्याच मापाने आई-वडिलांना मोजणं अन्याय आहे. मी तो केला.

ही उपमा मी फार ताणू नये हे मला कळतं. माणूस तार नाही. तारेला सांगलीला जाता येत नाही, आणि “जमलं” असं खोटं सांगून मुलाची लाज राखता येत नाही. पण म्हणूनच माणसाला ओढण्याआधी जास्त विचार करायला हवा. तारेचा सूर उतरला की ट्यूनर लगेच दाखवतो. आईचा काटा मला दिसत नव्हता, कारण दर रविवारी मी विचारत असलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या प्रश्नातच ठरलेलं होतं. “रुळलीस का?” याला एक मायाळू आई दुसरं काय म्हणेल?

येत्या रविवारी मी फोन करणार आहे. परत येण्याची तारीख सांगणार नाही. दोन्ही वाटा समोर ठेवीन. यायचं असेल तर संध्याकाळी सहाला दार उघडं राहील आणि आमच्यापैकी एक जण घरात असेल; हे आम्ही तिघांनी आपसात ठरवलं आहे आणि लिहूनही ठेवलं आहे. यायचं नसेल तर ग्रीनकार्ड रीतसर परत करता येतं. नंतर भेटीसाठी व्हिसा मागता येतो, तो मिळेलच असं नाही. म्हणजे कदाचित दरवर्षी मीच जायचं. हा दुसरा पर्याय मला नको आहे, हेही मी तिला सांगणार आहे, कारण ते लपवून विचारणं म्हणजे पुन्हा वेगळ्या बोटाने ओढणंच झालं. पण ते एकदाच सांगेन.

तिने काय उत्तर द्यावं असं तुम्हाला वाटतं, ते मला विचारायचं नाही. तुमच्या घरात एखादं माणूस “रुळतेय की” असं म्हणत असेल, तर या आठवड्यात प्रश्न थोडा बदलून पाहा, एवढंच सुचवतो. मुलीच्या बँडचा कार्यक्रम पुढच्या गुरुवारी आहे. तिने तारा काल बदलल्या, ओढून घेतल्या, आणि आज सकाळी शाळेला जाण्याआधी पुन्हा एकदा लावल्या. थोड्या उतरल्या होत्या. ती काही बोलली नाही, खुंटी फिरवली आणि निघाली.